सोंगणीच्या दिवसांत लेकरू कोणापाशी?

पहाटेचे पावणेपाच. चुलीवर तवा तापला आहे आणि वैनी एका हाताने भाकर थापते आहे. दुसऱ्या हातात धाकटा आहे, दीड वर्षाचा. कमरेवर बसून तो तिच्या पदराचं टोक चोखतो. परातीतली भाकर एका हाताने थापता येते, पण उचलून तव्यावर टाकायला दोन्ही हात लागतात. तेवढ्यापुरतं ती त्याला माझ्या अंगावर देते, भाकर टाकते, वरून पाणी फिरवते आणि परत घेते. रडायला त्याने तोंड उघडलेलं असतं, ते तसंच मिटतं. दुरडीत भाकरी वाढत जातात आणि दर भाकरीला पोरगं एकदा इकडून तिकडे होतं.

"गॅसवर कर ना," मी म्हणते. शेगडी कोपऱ्यात आहे, सिलिंडरही भरलेलं आहे.

"गॅस चहाले. भाकरीले चूलच," वैनी म्हणते. "मागच्या सालच्या तुराट्या हायेत अजून."

हे माझं माहेर. वाशिमहून रिसोडकडे जाताना मधेच आत वळणाऱ्या रस्त्यावरचं गाव. ऑक्टोबर लागला की इथे सोयाबीनची सोंगणी, आणि सोंगणीत वेळ माणूस ठरवत नाही, शेंग ठरवते. वाळलेल्या शेंगेवर पहाटेचं दव असतं तोवर ती नरम असते. ऊन चढलं, शेंग कडक झाली, की विळा लागताच तडकते आणि दाणा मातीत जातो. म्हणून बायका उजाडायच्या आत वावरात उभ्या राहतात, ऊन तापायच्या आधी होईल तेवढं सोंगून घेतात, आणि दुपारनंतर सोंगलेलं गोळा करून सुडी लावतात. त्यात काल रात्री दादाच्या मोबाईलवर निरोप आला आहे: दोन दिवसांत मेघगर्जनेसह पाऊस. उभ्या पिकावर परतीचा पाऊस बसला तर शेंगेतच कोंब फुटतात.

"मग हार्वेस्टर का नाही लावत सगळे?" मी दादाला विचारते. तो चहाच्या कपात टोस्ट बुडवतो आहे.

"तूर हाय ना मंधात."

विषय संपला. सोयाबीनच्या काही ओळींमागे तुरीची ओळ, ही इथली पेरणी. सोयाबीन निघालं तरी तूर पुढे थंडीभर उभी राहते. हार्वेस्टर घातला तर तूरही जाईल. म्हणजे तूर वाचवायची तर हाताने सोंगायचं, हाताने सोंगायचं तर बायका लागतात, आणि दव आहे तोवर सोंगायचं तर पहाट लागते. दीड वर्षाच्या पोराला आईच हवी असते, तीही नेमकी तेव्हाच.

ऑटोचा हॉर्न वाजतो. धाकट्याला हा हॉर्न ओळखू येतो. तो दोन्ही हातांनी वैनीच्या गळ्याला मिठी मारतो.

अशा वेळी पोराला काहीतरी दाखवून, त्याची नजर चुकवून निसटायचं, ही बहुतेक घरांतली रीत. आमच्या आईला ती मान्य नाही. ती खाटेवरून म्हणते, "सांगून जा त्याले. चोरून नको जाऊ. चोरून गेली का दिवसभर दारापाशी बसून वाट पाह्यते लेकरू."

वैनी त्याचं तोंड आपल्याकडे वळवते. "मी वावरात चालली. सोयाबीन सोंगतो. मंग आत्या तुले घेऊन येईन माह्यापाशी. मंग पाजतो. हाव का?"

त्याला किती समजतं कोण जाणे. 'पाजतो' एवढं नक्की समजतं, कारण तो लगेच तिच्या पोलक्याला हात घालतो. ती त्याला आईच्या मांडीवर ठेवते, डोक्याला फडकं बांधते, विळा आणि डबा पिशवीत टाकते. ऑटोत आधीच दाटीवाटीने बायका आहेत. पोरगं ओरडतं, हात पसरतं, आईच्या मांडीवरून घसरतं. ऑटोचा आवाज पारापाशी वळेपर्यंत ते जोरात रडतं. मग आवाज बंद होतो आणि त्याचंही रडणं हळूहळू मुसमुशीवर येतं. आई त्याला गोठ्यात नेते. "पाय बरं, गोऱ्ह्याची माय बी चरायले जाते. तो रडते का?" गोऱ्हा हंबरतो. आईच्या मुद्द्याला काही आधार मिळत नाही, पण पोरगं हसतं.

सात वाजता बाकीचं घर उठतं. थोरली नऊ वर्षांची, चौथीत आहे. मधली चारची, अंगणवाडीत. तिसरं कशाला, हे इथे कोणी विचारत नाही. दोन पोरींवर मुलगा, हे उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यावर बोलायला मला आज सवड नाही, कारण धाकट्याने राखेत हात घातला आहे.

थोरली अंथरुणं गुंडाळते, वाकळ दोरीवर टाकते आणि मधलीच्या वेण्या घालायला बसते. ही वेणी पाहण्यासारखी आहे. बसकुरावर बसून ती बहिणीला दोन गुडघ्यांत पकडते, एक रिबीन दातांत धरते, दुसरी पायाच्या अंगठ्याखाली दाबते आणि फणीच्या टोकाने भांग पाडते. मधली दर दोन पेडांनंतर मान वळवते. थोरली न बोलता तिच्या डोक्यावर फणी टेकवते, मान सरळ होते. खोबरेल कानामागून ओघळतं ते ती करंगळीने पुसून परत केसांतच लावते. तिला हे कोणी शिकवलं असेल असं वाटत नाही. सोंगणी, वेचणी, निंदण, जेव्हा जेव्हा घरातून आई पहाटे गेली तेव्हा तेव्हा हे थोडं थोडं तिच्या हाताला लागलं असणार.

"आत्या, तू काहून नाही गेली वावरात?" मधली मला विचारते.

"मला सोंगता येत नाही."

"मंग तुले काय येते?"

मी विचार करते आहे तोवर तीच मला धीर देते, "मले बी नाही येत."

अंगणात दादा पोराला आंघोळ घालतो. दादा पायांवर घेऊन घालत नाही, उभं करून घालतो, आणि तांब्या जरा जोरातच ओततो. आई आतून ओरडते, "नाकात गेलं ना पानी!" पोरगं मात्र खूश आहे. आमच्या वडिलांनी आम्हाला आंघोळ घातल्याचं मला आठवत नाही. चारचौघांत बापाने लेकरू उचलायचं नाही, असाच तेव्हा दंडक होता. आता या गावात बापाने लेकरू सांभाळायची हक्काची जागा म्हणजे मोटरसायकलची टाकी. टाकीवर पोरगं बसवून फिरायला पुरुषांना लाज वाटत नाही, उलट मिरवतात. आंघोळ झाली की दादाही धाकट्याला टाकीवर बसवून पारापर्यंत एक चक्कर मारून आणतो, माझ्याकडे देतो आणि मळणीवाल्याच्या मागे जातो. आमचं तीन एकर परवा सोंगून झालं, सुडी ताडपत्रीखाली आहे. पावसाआधी मळणीयंत्राची पाळी मिळाली तर मिळाली.

मधलीला अंगणवाडीत पोचवायचं काम माझ्याकडे. धाकटा कमरेवर, मधलीचं बोट हातात. वाटेत एका बंद दारापुढे एक आजोबा नातवाला कुरकुऱ्यांचा पुडा फोडून देताहेत. पुढच्या घरी कुलूप आहे आणि ओट्यावर दोन पोरं चिखलाचे बैल करताहेत. तिसरीत शिकणारा भाऊ त्यांच्यावर लक्ष ठेवून आहे. गाव रिकामं झालेलं नाही, फक्त मधल्या वयाचं कोणी दिसत नाही.

अंगणवाडीच्या खोलीत भिंतीवर फळं, प्राणी आणि अंक रंगवलेले आहेत. मदतनीसबाई मोठ्या गंजात खिचडी ढवळताहेत. सेविकाताई आल्या आल्या मुलांची मोबाईलवर हजेरी टाकतात आणि माझ्या कडेवरच्या ऐवजाकडे पाहून म्हणतात, "याचं वजन घेऊन घेतो, आलाच आहे तर." धाकटा काट्यावर उभा राहायला तयार नाही. मग मी त्याला घेऊन उभी राहते, नंतर एकटी, आणि वजाबाकी होते. नंतर दंडाला फीत. ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल, १२.५ पर्यंत पिवळा, त्यापुढे हिरवा. फीत हिरव्यात थांबते. ताई फीत सोडवायला जातात तर तो ती तोंडात घालतो.

"याला ठेवून घेता का थोडा वेळ?" मी विचारून पाहते.

ताई हसतात. "याचं पाकीट मिळते हो घरी न्यायले. बसायचं वय तीनपासून."

नियम असा आहे. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला घरी न्यायचा कोरडा आहार. तीन ते सहाच्या मुलाला इथे बसणं, गाणी, खेळ आणि गरम जेवण. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी सुरू झाली, आता जवळजवळ प्रत्येक गावात तिची खोली आहे, आणि तिने केलेलं काम लहान नाही. माझ्या वयाच्या बायकांनी या खोलीत पहिल्यांदा खडू धरला. पण ज्या वयात लेकराला क्षणभर नजरेआड करता येत नाही, त्या वयासाठी या खोलीत पाकीट आहे, जागा नाही.

तरी आज कोपऱ्यात दोन पोरं तीनच्या आतली दिसताहेत. एकाच्या नाकाला शेंबूड, हातात बहिणीच्या फ्रॉकचं टोक. ताई माझी नजर ओळखतात. "सोंगणीत आणून बसवतात. नाही म्हनवत नाही. पन मले बी सोळा लेकरं, मोबाईल, रजिस्टर, आन् दोनले बंद." त्या मधलीची वेणी कौतुकाने हातात घेतात. "कोनं घातली वं?"

"ताईनं," मधली म्हणते.

अकराच्या सुमाराला धाकटा पेंगायला लागतो, पण झोपत नाही. आई म्हणते, "ने त्याले. पेल्याबगर नाही झोपत तो." तिचे गुडघे दुखतात, वावरापर्यंत तिला चालवत नाही. मी त्याला साडीच्या झोळीत पाठीशी बांधून निघते. धुऱ्याधुऱ्याने पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता. ऊन आता खरं लागतं. सोंगलेल्या वावरात सोयाबीनची धसकटं टोकदार उभी आहेत. या जमिनीवर अनवाणी पोराला खाली सोडताच येत नाही.

वावरात बारा बायका एका ओळीत वाकलेल्या. डाव्या हाताने मूठ धरायची, उजव्याने विळा ओढायचा, मूठ मागे टाकायची, पाऊल पुढे. अशी ओळ सरकते. मधे तुरीचं झाड आलं की विळा वळसा घेतो. आता शेंगा वाजायला लागल्या आहेत, त्यामुळे हात भराभर चालताहेत. वैनीने मला लांबूनच पाहिलं असणार, पण ती थांबत नाही. तास पुरा करते, बांधाला टेकते आणि मगच सरळ उभी राहते.

हे काम उक्तं घेतलेलं आहे, एकराच्या हिशोबाने. रोज नाही, त्यामुळे कोणी मुकादम ओरडणारा नाही. पण बायका एकमेकींवर लक्ष ठेवून असतात, कारण मिळालेले पैसे विळ्यामागे वाटले जातात: जितके विळे, तितके हिस्से. एकीने पाजायला पाव तास घेतला तर तिच्या वाटचं बाकीच्यांना सोंगावं लागतं. बोलत कोणी नाही. वैनी लिंबाखाली बसते, पाण्याच्या कॅनमधून हात धुते, मग मान धुते, मग गळा. सोयाबीनची बारीक लव अंगाला चिकटते आणि खाजवते, ती पोराला लागू नये म्हणून. धाकटा तोवर माझ्या खांद्यावर दोन्ही हातांनी ढोल वाजवतो. मग तो तिच्याकडे जातो आणि एकदम गप्प होतो. पिताना तो तिच्या हातावरचा विळ्याचा ताजा ओरखडा बोटाने चाचपतो.

लिंबाच्या सावलीत आणखी लेकरं आहेत. फांदीला साडीची एक झोळी, त्यात पाचेक महिन्यांचं बाळ. खाली पोत्यावर दोन पोरी दगडांचा संसार मांडून बसल्या आहेत. एक पोरगा काडीने मुंग्यांचं वारूळ उकरतो. आणखी दोघं. एकूण सहा. त्यांना सांभाळायला एक दहा-अकरा वर्षांची पोरगी, झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून पायानेच झोके देते आणि दातवण चघळते.

"शाळा?" मी विचारते.

ती उत्तर देत नाही, दोरी ओढते.

पलीकडच्या वावरात मळणीयंत्र चालू आहे, धूळ इकडे येते. काल तिकडे एक तीन वर्षांचं पोरगं कुटाराच्या ढिगावर चढलं होतं, असं वैनी सांगते, आणि तिथेच तिचा आवाज थांबतो. बांधाच्या कडेला फवारणीच्या रिकाम्या बाटल्या पडल्या आहेत. मी उचलून लांब ठेवते. माझ्या आधीही कोणीतरी असंच केलं असेल आणि त्या परत इथे आल्या असतील.

मघाशी विळा खाली ठेवून पाणी प्यायला आलेली एक म्हातारी बाई या पोरांकडे पाहून म्हणते, "एकीनं बसा म्हनलं होतं मी झाडाखाली. सगळ्यायचे लेकरं सांभाळा, आन् तिले बी हिस्सा द्या."

"मंग?"

"मंग काय. विळा नाही तर हिस्सा नाही, म्हने."

म्हातारीच्या बोलण्यात नवं काही नाही, सरकारने ते कधीच लिहून ठेवलेलं आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून महाराष्ट्रात रोजगार हमी उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पुढे २००५ च्या केंद्राच्या कायद्यात तर स्वच्छ शब्दांत आलं की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची. म्हणजे लेकरू सांभाळणं हे काम आहे, आणि त्याचे पैसे होतात, हे सरकारी रस्त्यावर आणि सरकारी तळ्यावर मान्य झालं. या लिंबाखाली सहा मुलं आहेत, पण वावर खाजगी आहे.

दूध पिऊन धाकटा झोपतो. वैनी त्याला माझ्या पाठीवर बांधून देते, गाठ दोनदा ओढून पाहते आणि ओळीत जाते. तिची जागा मधे रिकामी ठेवलेली आहे.

दुपारी एकच्या सुमाराला शाळेची मधली सुट्टी होते आणि थोरली धावत घरी येते. तोंडाला खिचडीची हळद आहे. दप्तर सोबत आणलेलं आहे, यावरूनच आईला कळतं.

"दप्तर काहून आनलं?"

"आता नाही जात मी. भाऊले घेतो."

"भाऊ झोपला हाय. जाय तू."

"उठल्यावर?"

"उठल्यावर मी हाय, आत्या हाय. जाय म्हनतो ना!"

थोरली हलत नाही. तिच्या चेहऱ्यावर शाळा टाळायचा आनंद वगैरे नाही. घरचं एक माणूस कामाला कमी पडतं आहे, ते आपण भरायचं, एवढंच तिचं गणित. मागच्या आठवड्यात ती तीन दुपारी अशीच राहिली होती आणि गुरुजींनी निरोप धाडला होता. मी मधे पडते, "मी आहे ना गं, तू जा." तर आई माझ्याकडेच वळते. "तू आज हाय. परवा?"

मग ती थोरलीचं दप्तर उचलते, तिच्या खांद्याला अडकवते आणि हाताला धरून, गुडघे दुखत असताना, शाळेच्या फाटकापर्यंत सोडून येते. येऊन ती खाटेवर बसते. मी पाणी देते. आपणहून बोलायची तिला सवय नाही, पण आज बोलते.

१९७२ च्या दुष्काळात ती अकरा वर्षांची होती. तेव्हा हा सगळा भाग अकोला जिल्ह्यात. वाशिम वेगळा जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. तिची आई खडी फोडायच्या कामावर जायची आणि ती सोबत, कडेवर धाकटा भाऊ. कामावर सुकडी मिळायची, ती भिजवून भावाला भरवायची. दुष्काळ सरला, पण शाळेत नाव परत घातलं गेलं नाही. भावाला चालता यायला लागलं तोवर खाली बहीण आली होती. आई हे तक्रार म्हणून सांगत नाही. ज्वारीचा भाव सांगावा तसं सांगते.

"पन तवा बरं होतं एक," ती म्हणते. "ज्वारीची सोंगनी थंडीत. कनूस काई तडकत नाही. कपाशी बी आज नाही तं उद्या वेचता येते. लेकरू घेऊन, पाजत-पाजत, चाले. हे सोयाबीन आलं आन् सगळं पंधरा-वीस दिवसांत आलं. जिकडे पाहा तिकडे एकाच टाइमाले."

हा मुद्दा मी कुठल्या अहवालात वाचलेला नाही. पीक बदललं की घरातल्या लेकराचा दिवस बदलतो. नव्वदनंतर वऱ्हाडात सोयाबीनने ज्वारी आणि कपाशीची जागा खात खात आजचं रान धरलं, त्याबद्दल तेलाचे कारखाने, हमीभाव, मोझॅक आणि खोडमाशी यांवर ढीगभर बोललं जातं. सगळ्या गावातल्या सगळ्या आया एकाच पंधरवड्यात पहाटे पाचला घराबाहेर पडतात, हाही सोयाबीनचाच एक परिणाम आहे.

दोनला मधली येते. दोन ते सहा हे चार तास दिवसातले सगळ्यात लांब. धाकटा उठतो, मुततो, भूक लागते, दूध-भाकर चुरून दिलेली थुंकतो, फल्लीची चिक्की मागतो, ती मिळत नाही. मधली त्याला गाडी-गाडी म्हणून गोणपाटावर बसवून ओढते, तो मागे पडतो, डोकं आपटतं. दोघं रडतात, ती त्याच्याहून जास्त. आई हळद लावते. मी मोबाईलवर गाणं लावून देते, ते अर्धा तास पुरतं, आणि मला पुण्यातल्या माझ्या घरातलं माझं भाषण आठवतं, लहान मुलांना मोबाईल देऊ नये यावरचं. इथे बसून ते भाषण करून दाखवावं कोणीतरी.

साडेसहाला ऑटो येतो. दिवसभर एकदाही 'माय' न म्हटलेला धाकटा तिला दारात पाहताच असा टाहो फोडतो की शेजारीण डोकावते. दिवसभराचं रडं त्याने जणू तिच्यासाठी राखून ठेवलं होतं. वैनी त्याला लगेच घेत नाही, घेऊ शकत नाही. ती तशीच मोरीत जाते, अंगावर पाणी घेते, लव धुते, लुगडं बदलते. पोरगं मोरीच्या दाराला डोकं लावून ओरडतं. "दिवसभर आवाज नाही केला यानं!" आई शपथेवर सांगते आणि आम्ही तिघी हसतो. बाहेर आल्यावर वैनी खाली बसते आणि दोन्ही मांड्या भरतात, एकीवर धाकटा, दुसरीवर मधली. थोरली समोर उभी राहून दिवसभराचा हिशोब देते: कोण पडलं, कुठे लागलं, काय खाल्लं. आपल्या दप्तराचं ती सांगत नाही. आईही सांगत नाही.

कोजागिरी जवळ आली आहे, घरात भुलाबाई बसलेली आहे. देवळीत मातीची भुलाबाई आणि भुलोबा, पुढे दिवा. आठ वाजता गल्लीतल्या पोरी टिपऱ्या घेऊन येतात. आज आमच्या घरची पाळी. गाणी सुरू होतात, टिपऱ्यांचा ठेका धरतो. थोरली सगळ्यात पुढे आहे, आणि तिच्या कडेवर, अर्थातच, धाकटा. तिची एक टिपरी त्याच्या हातात गेली आहे आणि तो ती तिच्या गालावर वाजवतो आहे. ती गाणं चुकवत नाही.

शेवटी खिरापत. झाकलेला डबा हलवून दाखवायचा आणि पोरींनी ओळखायचं, गोड की तिखट, कशाचं. वैनीने थकल्या अंगाने मघाशी घाईघाईत केलं आणि थोरलीने सगळ्यांना दटावून गुपित ठेवलं. ती डबा हातात घेते, आवाज लावते, "ओळखा!"

"फल्लीचे लाडू!" मधली ओरडते.

घरभर हशा. आणि थोरली एकदम रडायला लागते. सकाळी वेण्या घालताना न चिडलेली, दुपारी शाळेत ढकलली तरी न चिडलेली ही पोरगी लाडवाच्या गुपितावरून हुंदके देते. नऊच वर्षांची आहे ती. दादा दारातून आत येतो, मळणीची पाळी उद्या सकाळची मिळाल्याचं सांगतो आणि काही न समजून उभा राहतो. थोरली धाकट्याला उचलून त्याच्या हातात कोंबते. "बाबा, धरा याले." मग टिपऱ्या घेऊन ती पोरींसोबत पुढच्या घरी निघून जाते.

दादा पोराला घेऊन उभा आहे. गाडी बाहेर आहे, टाकी नाही, तरी जमतं आहे.

हे चित्र एका घरचं असलं तरी अडचण गावाची आहे आणि ती सोडवायला काही आभाळ फाडायला नको. केंद्राच्या मिशन शक्तीत 'पालना' नावाची योजना आहे, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची सोय तिच्यात आहे. ती गावात येईल तेव्हा येवो. तोवर सोंगणीच्या वीस-पंचवीस दिवसांपुरती अंगणवाडीची खोली पहाटेपासून सांजेपर्यंत उघडी ठेवता येते, तीनच्या आतल्या लेकरांना आत घेता येतं, आणि ज्यांना वाकवत नाही पण लेकरू सांभाळता येतं अशा गावातल्या दोन बायकांना मजुरी देता येते. सेविकेवर हे लादू नये, तिच्यावर आधीच पुरे आहे. वर पैसे कुठून, हे ग्रामपंचायतीला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. आणि सोंगणी उक्ती घेणाऱ्या बायकांनी लिंबाखाली बसणारीलाही एक हिस्सा द्यावा. तिच्या हातात विळा नसेल, पण सहा लेकरं आहेत.

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, सहाही तालुक्यांतल्या सरपंचांना विनंती आहे की हा विषय १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत घ्या, आणि त्याआधीच्या महिला ग्रामसभेत तर आधी घ्या. २ ऑक्टोबरच्या सभेपर्यंत थांबू नका. तेव्हा ज्यांच्यासाठी हा ठराव करायचा, त्या सगळ्या वावरात असतात.